‘तपास चालू आहे’ या उत्तरानंतर: तपासाच्या नोंदींना माहिती अधिकारात सूट कुठवर आणि अर्ज कसा करावा

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या नंदनवन भागातील एक बाई एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. चार घड्या पडलेल्या त्या कागदावर जावक क्रमांकाचा निळा शिक्का होता आणि मजकूर एकाच ओळीचा होता: ‘सदर गुन्ह्याचा तपास चालू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.’ त्यांचा मुलगा दुचाकीच्या अपघातात गेला होता, धडक देणारा ट्रक सापडला होता, चालकाचे नाव नोंदले गेले होते, आणि अकरा महिने उलटूनही तपास कुठवर आला हे त्यांना कोणी सांगत नव्हते. त्यांचा मूळ अर्ज मी पाहिला. त्यात ‘या गुन्ह्याची संपूर्ण फाइल मिळावी’ एवढेच लिहिलेले होते.

मागणी सरसकट होती आणि नकारही सरसकट आला. कायदा मात्र सरसकट बोलत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये तपासाच्या फाइलला सूट दिलेली नाही. जी माहिती उघड केल्याने अपराध्यांचा तपास, त्यांची अटक किंवा त्यांच्यावरील खटला यांत अडथळा येईल, तेवढ्याच माहितीला सूट आहे. म्हणजे प्रश्न फाइलचा नसून फाइलमधल्या एकेका कागदाचा आणि तो कागद आज, या टप्प्यावर उघड झाल्याने काय बिघडेल याचा आहे. पुढे जे लिहिले आहे ते या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून अर्ज लिहायला बसण्यापूर्वी ती नीट समजून घ्यावी.

आधी कलमांची अक्षरे तपासा

हा मुद्दा लहान वाटेल, पण यावरून अपिले भरकटलेली मी पाहिली आहेत. अधिनियमाच्या मराठी पाठात कलम ८(१) ची पोटकलमे क, ख, ग अशी मोजली आहेत. त्यामुळे इंग्रजी पाठातले ‘एच’, म्हणजे तपासात अडथळ्याचे पोटकलम, मराठीत ‘ज’ होते. आणि इंग्रजीतले ‘जे’, म्हणजे वैयक्तिक माहितीचे पोटकलम, मराठीत ‘ञ’ होते. बोलताना मात्र सगळेच ‘आठ एक जे’ म्हणतात, टंकलेखनात त्याचे ‘ज’ होते, आणि नकार नेमका कशासाठी आहे हेच कळेनासे होते. उत्तरात ‘८(१)(ज)’ दिसले की त्यापुढची कारणाची ओळ वाचावी. तपासाचा उल्लेख असेल तर ‘ज’, खासगी माहितीचा उल्लेख असेल तर बहुधा ‘ञ’. कारणच दिलेले नसेल, तर ती उत्तरातली पहिली त्रुटी समजावी, कारण कलम ७(८) नुसार नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणे जन माहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यावर, बंधनकारक आहे.

तपासाच्या नोंदींच्या बाबतीत ‘ज’ एकटे येत नाही. त्याच्या जोडीला ‘छ’ असते: ज्या माहितीमुळे एखाद्याच्या जिवाला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका होईल, किंवा विश्वासाने खबर देणारा कोण हे उघड होईल, ती माहिती. न्यायालयाने स्पष्टपणे प्रकट करण्यास मनाई केली असेल तर ‘ख’ येते. या सुटींना मी अडथळा मानत नाही. ज्या शेजाऱ्याने धीर करून पोलिसांना खबर दिली त्याचे नाव गुंडाच्या हाती अर्जाच्या दहा रुपयांत पडू लागले, तर उद्या कोणी खबर देणार नाही. तक्रार फक्त एवढीच आहे की ज्या कागदात खबऱ्याही नाही आणि साक्षीदारही नाही, त्यालाही तेच कुलूप लावले जाते.

कोणता कागद कोणत्या दाराने मिळतो

माहिती अधिकार हे तपासाचे कागद मिळवण्याचे एकमेव दार नाही, आणि बऱ्याचदा ते पहिले दारही नसते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात फिर्यादी, पीडित व आरोपी यांचे स्वतंत्र हक्क आहेत. ते हक्क वापरले तर कलम ८ चा प्रश्नच येत नाही.

प्रथम खबर, म्हणजे एफआयआर: कलम १७३(२) नुसार फिर्यादीला किंवा पीडिताला तिची प्रत विनामूल्य आणि ताबडतोब मिळाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबर २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला आहे; दुर्गम भागासाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून ती पाहता येते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील गुन्हे, दहशतवाद अशा गुन्ह्यांची खबर तेथे नसते आणि ते योग्यच आहे.

तपासाची प्रगती: कलम १९३(३) नुसार पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला तपास कुठवर आला हे कळवले पाहिजे, आणि ते इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही चालते. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. त्या बाईंना कोणी कळवले नव्हते, आणि त्यांनीही या कलमाचा उल्लेख करून कधी विचारले नव्हते. साध्या कागदावर, कलमाचा आकडा घालून, तपास अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजावे.

दोषारोपपत्र: ते न्यायालयात दाखल झाले की आरोपीला, आणि वकिलामार्फत उपस्थित असलेल्या पीडितालाही, कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत पोलीस अहवाल, प्रथम खबर, जबाब व इतर कागद विनामूल्य मिळतात. एखाद्या जबाबाचा काही भाग उघड करणे न्यायाच्या दृष्टीने आवश्यक नाही आणि लोकहितासाठी उचितही नाही असे तपास अधिकाऱ्याला वाटले, तर तो तसे न्यायदंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. म्हणजे सुटीचा विचार येथेही आहे, पण निर्णय पोलिसांच्या हाती नसून न्यायालयाच्या हाती आहे. ज्याचा खटल्याशी संबंध नाही अशा त्रयस्थाला मात्र दोषारोपपत्र संकेतस्थळावर मिळावे असा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात दोषारोपपत्र हे सार्वजनिक दस्तऐवज नव्हे असे ठरवले आहे.

समरी: खटला न भरता प्रकरण बंद करायचे असेल तर तपासाअंती पोलीस न्यायालयाकडे अ, ब किंवा क समरी मागतात. अ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ब म्हणजे फिर्याद खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. समरी मंजूर करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याने फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घेतले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात सांगितले आहे. ती नोटीस आली की न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून समरीचे कागद काढावेत. हे काम माहिती अधिकारापेक्षा लवकर होते.

केस डायरी: ही मागू नये. कलम १९२ नुसार तपासाची दैनंदिनी न्यायालय पाहू शकते, आरोपीलाही ती मागण्याचा हक्क नाही. अर्जात ‘केस डायरी’ हा शब्द आला की उरलेल्या मागण्याही तिच्याबरोबर बुडतात.

अपघाताच्या प्रकरणात आणखी एक दार आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्या बाईंचे निम्मे काम खरे तर याच दारापाशी होते.

अर्ज कोणाकडे करायचा

नागपुरात येथे चूक फार होते. शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याच्या उरलेल्या भागासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक. कामठी आणि हिंगणा हे तालुके म्हणून वेगळे आहेत, म्हणून तिथली ठाणी ग्रामीणकडे असतील असा लोकांचा समज होतो. प्रत्यक्षात जुनी कामठी, नवी कामठी आणि हिंगणा ही पोलीस ठाणी आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. रेल्वे स्थानकावर किंवा गाडीत घडलेला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो, तर रेल्वे सुरक्षा बल केंद्र सरकारचे आहे, आणि त्याच्याकडचा अर्ज केंद्राच्या नियमांनी चालतो. आयकर, सीबीआय, अंमलबजावणी संचालनालय हीदेखील केंद्राची. हा फरक शेवटी फार महत्त्वाचा ठरतो, कारण राज्याच्या कार्यालयाविरुद्धचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते आणि केंद्राच्या कार्यालयाविरुद्धचे दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवला गेला पाहिजे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तरीही ठाण्याच्या दर्शनी भागातला जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची नावे असलेला फलक आधी वाचावा व मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

अर्जाचा मजकूर

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यामध्ये करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र पुराव्याची प्रत जोडावी लागते. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा २०१२ पासून आहे. अनेकांना ती जाचक वाटते. तपासाच्या बाबतीत मला ती उपयोगीच पडली आहे, कारण ती मोघम लिहू देत नाही. कारण सांगण्याची गरज कलम ६(२) नुसार नाही, तेव्हा आपले दुःख अर्जात लिहू नये. ते खरे असते, पण त्याने जागा जाते आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यायचा प्रश्न सापडत नाही.

त्या बाईंचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला तो साधारण असा होता:

‘अमुक पोलीस ठाणे, अपराध क्रमांक अमुक, या गुन्ह्यासंबंधी पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात. एक, तपास आज कोणत्या टप्प्यावर आहे हे दर्शवणारी नोंद. दोन, घटनास्थळ पंचनामा, पंचांची नावे व पत्ते कलम १० नुसार वगळून. तीन, वाहन तपासणीसाठी परिवहन कार्यालयाला पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, आणि तपासणी अहवाल आला असल्यास त्याची प्रत. चार, सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवला असल्यास पाठवल्याचा दिनांक. पाच, मी अमुक तारखेला दिलेल्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिप्पणी. यांपैकी कोणतीही बाब नाकारायची असल्यास ती बाब, पोटकलम आणि ती प्रकट केल्याने तपासात नेमका कोणता अडथळा येईल हे बाबनिहाय कळवावे.’

यातली प्रत्येक ओळ विचारपूर्वक घातलेली आहे. पहिली आणि चौथी मागणी तारखेची किंवा टप्प्याची आहे. तारीख सांगितल्याने कोणताही आरोपी पळून जात नाही, म्हणून ती नाकारणे अवघड जाते. दुसऱ्या मागणीत नावे वगळण्याची तयारी अर्जदारानेच दाखवली आहे, त्यामुळे ‘छ’ चा आधार तिथेच संपतो. कलम १० सांगते की कागदाचा सूट असलेला भाग वेगळा काढून उरलेला भाग देता येत असेल तर तो द्यावा, आणि जे काळे केले त्याची कारणेही द्यावीत. शेवटच्या वाक्याने अपिलाची पायाभरणी होते: त्याचे उत्तर आले नाही, तर ते न येणे हाच अपिलातला पहिला मुद्दा. आणि अर्जात कुठेही ‘का’ हा प्रश्न नाही. ‘चालकाला अटक का केली नाही’ असे विचारले की ‘हा प्रश्न माहिती या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते, आणि ते चुकीचे नसते. मिळते ती कागदावर असलेली माहिती, अधिकाऱ्याच्या मनातली नव्हे.

या अर्जाला पाचपैकी चार बाबींचे उत्तर आले. घटनास्थळ पंचनामा नाकारला गेला. त्यावर आम्ही अपील केले.

उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

जन माहिती अधिकाऱ्याला ३० दिवस असतात. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मुदत संपली आणि उत्तर नाही, तर कलम ७(२) नुसार तो नकार समजायचा, आणि कलम ७(६) नुसार पुढे दिलेल्या प्रतींचे पैसे घेता येत नाहीत. ‘पैसे भरा’ असे पत्र आले तर मुदतीचे घड्याळ पैसे भरेपर्यंत थांबते, तेव्हा ते पत्र खिशात ठेवून फिरू नये. प्रतींचा दर साधारणपणे पानाला दोन रुपये आहे.

नकाराचे पत्र वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. पोटकलम दिले आहे का. कारण दिले आहे का. आणि ते कारण त्या विशिष्ट कागदाला लागू होते का. तिसरी गोष्ट जवळजवळ कधीच नसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात ‘ज’ या पोटकलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केले की तपास चालू असणे एवढेच नकाराला पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासाच्या प्रक्रियेत बाधा कशी येईल याची समाधानकारक कारणे प्राधिकरणाने दाखवली पाहिजेत, आणि ती कारणे वाजवी असून कोणत्या तरी सामग्रीवर आधारलेली असली पाहिजेत. हा निकाल अपिलात नाव घालून लिहावा. त्याला कलम १९(५) ची जोड द्यावी: नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे, मागणाऱ्यावर नाही.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. अपिलीय अधिकारी त्याच खात्यातला वरिष्ठ असतो. म्हणून लोक अपील औपचारिकता म्हणून उरकतात. मला हे पटत नाही. आयोगासमोर जो मुद्दा मांडायचा आहे तो पहिल्या अपिलात नसेल तर नंतर तो नवाच वाटतो. त्या पंचनाम्यासाठी आम्ही इतकेच लिहिले होते: हा पंचनामा अपघाताच्या दिवशीच झाला, जागा रस्त्यावरची, सर्वांनी पाहिलेली आहे, ट्रक जप्त आहे, चालक ज्ञात आहे, तेव्हा रस्त्याची रुंदी, टायरच्या खुणा आणि वाहनांची स्थिती कळल्याने तपासातला कोणता भाग अडेल ते आदेशात नमूद व्हावे. सुनावणीला त्या स्वतः गेल्या. पंधरा मिनिटांत अपिलीय अधिकाऱ्यांनी नावे झाकून प्रत देण्यास सांगितले. साडेतीन पानांचा तो कागद हाती आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा रस्त्याच्या रुंदीचा आकडा वाचला आणि बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसल्या.

दरवेळी असे होत नाही. पहिल्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा. तसे न झाल्यास किंवा निर्णय विरुद्ध गेल्यास ९० दिवसांच्या आत दुसरे अपील, जोडपत्र ‘क’ मध्ये, पुन्हा वीस रुपयांच्या स्टॅम्पसह. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांसाठी ते नागपूर खंडपीठाकडे जाते. अमरावती विभागासाठी वेगळे खंडपीठ आहे. तेथे सुनावणीची तारीख लवकर लागेल असे गृहीत धरू नये, आणि म्हणूनच वर सांगितलेली न्यायालयाची दारे आधी वापरावीत. अवाजवी नकारासाठी आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती लावू शकतो. तशी विनंती अपिलात एका वाक्यात करावी, पण अपिलाचा जोर माहितीवरच ठेवावा.

‘वैयक्तिक माहिती’ हे नवे कुलूप

तपासाच्या नोंदींत कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. म्हणून ‘ज’ टिकले नाही की ‘ञ’ पुढे येते, आणि या पोटकलमाचे रूप आता बदलले आहे. पूर्वी त्यात दोन कसोट्या होत्या: त्या माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध आहे का, आणि ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते का. व्यापक लोकहित असेल तर ती देता येई, आणि जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी ओळही होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. मला ही दुरुस्ती नुकसानकारक वाटते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात ठरवले आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण चौकशीत दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि पीडितेच्या घरचा पत्ता ही दोन्ही एकाच मापाने मोजली जाऊ नयेत.

असे असूनही मार्ग बंद झालेला नाही. कलम ८(२) शाबूत आहे: प्रकटनातले लोकहित संरक्षित हितसंबंधांच्या हानीहून अधिक असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. पूर्वी लोकहिताचा मुद्दा अपिलात आला तरी चाले. आता तो अर्जातच, दोन वाक्यांत, ठोसपणे लिहावा. ‘भ्रष्टाचार उघड व्हावा म्हणून’ हे ठोस नव्हे. ‘या चौकशी अहवालावर अमुक रकमेची वसुली ठरली, ती झाली की नाही हे सार्वजनिक निधीशी संबंधित आहे’ हे ठोस. माहिती त्रयस्थाची असेल तर कलम ११ नुसार त्याला पाच दिवसांत नोटीस देऊन दहा दिवसांत त्याचे म्हणणे घ्यावे लागते. त्याने विरोध केला म्हणून माहिती आपोआप नाकारता येत नाही, अधिकाऱ्याला स्वतः विचार करावा लागतो.

विभागीय चौकशीच्या कागदांसाठी गिरीश देशपांडे प्रकरण समोर ठेवले जाईल याची तयारी ठेवावी. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याविषयीच्या त्या मागणीत, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये म्हटले. ज्याच्यावर चौकशी चालू आहे तो कर्मचारी मात्र या वाटेने येऊच नये. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली त्याला बचावासाठी कागदपत्रे मागता येतात, आणि ती न दिल्यास चौकशीच सदोष ठरू शकते.

स्वतःविषयीच्या नोंदी

पासपोर्टच्या पडताळणीत प्रतिकूल अहवाल गेला, चारित्र्य प्रमाणपत्र अडले, जुन्या प्रकरणात आपले नाव कुठल्या यादीत राहिले. अशा वेळी माणूस स्वतःचीच नोंद मागत असतो. स्वतःच्या माहितीपासून स्वतःचा खासगीपणा राखायचा नसतो, म्हणून ‘ञ’ येथे लागू होत नाही असा मुद्दा अर्जातच मांडावा आणि ओळखपत्राची प्रत जोडावी.

नव्या डेटा संरक्षण कायद्याने स्वतःची माहिती पाहण्याचा हक्क दिला आहे ना, असे मला वारंवार विचारले जाते. तो कलम ११ मध्ये आहे, पण जिथे तुम्ही संमती देऊन माहिती दिली तिथल्यापुरता. आणि अपराधाचा प्रतिबंध, शोध, तपास किंवा खटला यांसाठी होणाऱ्या प्रक्रियेला कलम १७(१)(ग) ने तो हक्क लागूच ठेवलेला नाही. शिवाय हक्कांची ही कलमे नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी अमलात यायची आहेत. तेव्हा पोलिसांकडील स्वतःच्या नोंदीसाठी माहिती अधिकार हाच कायदा वापरावा. एक गोष्ट मात्र त्या सुटीतूनही वगळलेली आहे: माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी. तपास यंत्रणेकडून जबाब किंवा छायाचित्रे बाहेर फुटली, तर सूट आहे म्हणून ती जबाबदारी झटकता येणार नाही.

अमेरिकेच्या १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टची रीत येथे तुलनेला घेण्यासारखी आहे. तेथे तपास यंत्रणेला आपल्या अभिलेखांची एखादी संपूर्ण प्रणाली नागरिकाच्या पाहण्याच्या हक्कातून वगळता येते, पण त्यासाठी नियम प्रसिद्ध करून, का वगळतो याची कारणे आधीच जाहीर करावी लागतात. आपल्याकडे सूट अधिनियमातच असल्याने कारण प्रत्येक अर्जाच्या वेळी द्यावे लागते. ही रीत नागरिकाच्या बाजूची आहे, पण कारण मागितले तरच.

वगळलेल्या संघटना आणि जुनी प्रकरणे

काही यंत्रणा कलम २४ ने जवळपास पूर्णच बाहेर ठेवल्या आहेत. गुप्तवार्ता विभाग, अंमलबजावणी संचालनालय, अमली पदार्थ नियंत्रण विभाग अशा केंद्रीय संस्था दुसऱ्या अनुसूचीत आहेत, सीबीआय २०११ मध्ये तीत आली. राज्य सरकारही राजपत्रातील अधिसूचनेने आपल्या गुप्तवार्ता व सुरक्षा संघटना वगळू शकते. ‘आमच्या शाखेला कायदा लागू नाही’ असे उत्तर आले तर त्या अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक मागावा. साध्या पोलीस ठाण्याला हे कलम लागू नसते.

या संघटनांकडूनही भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांसंबंधीची माहिती मागता येते. कोठडीतील मृत्यू किंवा मारहाणीचा आरोप असेल तर माहिती आयोगाच्या मान्यतेने ४५ दिवसांत द्यायची असते. अर्जात आरोप स्पष्ट शब्दांत, तारखेसह, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी किंवा मानवी हक्क आयोगाकडील तक्रार असेल तर तिच्या क्रमांकासह लिहावा.

जुन्या प्रकरणांसाठी कलम ८(३) आहे. मागणीच्या तारखेच्या २० वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची माहिती ‘ज’, ‘छ’ किंवा ‘ञ’ खाली नाकारता येत नाही; देशाची सुरक्षा, विधानमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढ्याच सुटी तेव्हा उरतात. अडचण येते ती वेगळी: कागदच नष्ट केला असे उत्तर मिळते. अशा वेळी नष्ट करण्याच्या आदेशाची आणि त्या नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत मागावी. लाल बासनातला कागद खरोखर नष्ट झाला असेल तर ती नोंद असते, आणि ती नोंद नसेल तर कागद शोधण्याचे आदेश अपिलात मागता येतात. बासने धुंडाळायला कर्मचारी नाहीत असे सांगितले गेले, तर कलम २(ञ) खाली अभिलेखाची स्वतः पाहणी करण्याची परवानगी मागावी, तारीख ठरवून घ्यावी आणि जाताना वही, पेन व अर्जाची पोच बरोबर ठेवावी.